सरहद्दीवरचे फेनियन

आयर्लंड म्हटले की मराठी वाचकास टिळकांचा १९१६ चा होमरूल संघ आठवतो, कारण तो शब्दच मुळी तिकडून आला. परंतु होमरूलचा सनदशीर मार्ग तेथे रुळण्यापूर्वीच्या पिढीत, इंग्रजांशी लढायचे ते आयर्लंडात नव्हे तर कॅनडात, असा एक विलक्षण बेत अमेरिकेतील आयरिशांनी रचिला होता. १८५८ साली न्यूयॉर्कात जॉन ओमाहोनीने स्थापिलेल्या या मंडळीने पुराणांतील फियाना योद्ध्यांवरून ‘फेनियन’ हे नाव घेतले. बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीस लागलेली कुटुंबे आणि १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच हातात बंदूक पण रोजगार नाही अशा स्थितीत सापडलेले शिपाई, ही त्यांची शिबंदी. कॅनडा काबीज करून ओलीस ठेवावा व बदल्यात आयर्लंड मागावे हा हिशेब आज पोरकट वाटतो. पण वॉशिंग्टनचे सरकार त्या काळी इंग्रजांवर रुष्ट असल्यामुळे डोळेझाक करील, ही अटकळ काही अगदीच निराधार नव्हती.

३१ मे १८६६ च्या रात्री जॉन ओनील हा घोडदळातील माजी अधिकारी आठशेच्या आसपास माणसे घेऊन बफलोनजीक नायगारा नदी उतरला. २ जूनला रिजवे येथे त्याची गाठ पडली ती टोरांटो व हॅमिल्टनच्या हौशी स्वयंसेवकांशी. त्यांतील एक तुकडी तर विद्यापीठातील विद्यार्थ्यांची होती. ही मंडळी प्रारंभी बरी लढली. तेवढ्यात ‘घोडदळ आले’ अशी हाकाटी उठली. शत्रूजवळ घोडी होती ती मोजकीच. तरी स्वयंसेवकांच्या लेफ्टनंट कर्नल बुकरने चौकोनी व्यूह रचण्याचा हुकूम सोडला, आणि दाटीने उभी राहिलेली ती पोरे बंदुकांच्या आयतीच टप्प्यात आली. हुकूम फिरविला, तोवर पळापळ सुरू झाली होती. कॅनडाचे नऊ जण तेथे पडले. विजयी ओनीलही कुमकेअभावी त्याच रात्री मागे फिरला, तो नदीतच अमेरिकेच्या ‘मिशिगन’ नौकेच्या हाती लागला. अध्यक्ष जॉन्सन यांचा तटस्थतेचा जाहीरनामा निघाला ६ जूनला, आणि फेनियनांना सरकारी खर्चाने रेल्वेची तिकिटे देऊन घरोघर पाठविण्यात आले!

तथापि माझ्या मते फेनियनांच्या बंदुकांपेक्षा त्यांच्या धास्तीनेच अधिक कार्य केले. न्यू ब्रन्सविक या वसाहतीने १८६५ च्या निवडणुकीत कॅनडाशी संघराज्य करण्याची कल्पना धुडकावली होती. पुढच्या एप्रिलात कँपोबेलो बेटासमोर फेनियन जमले मात्र, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत कौल उलटला. लंडनचे दडपणही त्यात होतेच. १ जुलै १८६७ रोजी संघराज्य झाले, पण भय ओसरले नाही. गिल्बर्ट मॅकमिकन या दंडाधिकाऱ्याचे हेर सरहद्दीपलीकडे पेरलेले होतेच. त्यांहून निष्णात होता तो आंरी ल कारों, म्हणजे फ्रेंच नाव पांघरलेला कोल्चेस्टरचा इंग्रज थॉमस बीच. १८७० च्या मे महिन्यात कॅनडातील एकल्स हिलवरची फेनियनांची मोहीम फसून अमेरिकेच्या मार्शलने ओनीलला घोडागाडीत घालून नेले, तेव्हा या मोहिमेची हत्यारे सरहद्दीवर पोहोचविणारा विश्वासू सहकारी हाच होता. आणि बेताची बित्तंबातमी आधीच ओटावास पोहोचविणाराही हाच.

ओनीलने तरीही हट्ट सोडला नाही. ऑक्टोबर १८७१ मध्ये जेमतेम चाळीस माणसांनिशी त्याने पेंबिना येथे हडसन बे कंपनीचे ठाणे घेतले. अमेरिकेच्या सैन्याने त्याला धरले, पण खटला टिकला नाही. कारण नव्या मोजणीप्रमाणे ते ठाणे अमेरिकेच्याच हद्दीत भरत होते.