हेपरिनचं माहेर

रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपरिनच्या नावात आपलं ‘यकृत’ दडलेलं आहे. ग्रीकमध्ये यकृताला ‘हेपार’ म्हणतात. ‘हेपार’ आणि ‘यकृत्’ ही सख्खी भावंडं! पटत नाही ना? मलाही पटलं नव्हतं. पण संस्कृत ‘यः’ तिकडे ‘होस’ होतो, म्हणजे आरंभीच्या ‘य’चा ‘ह’. मूळचा ‘क्व’ आपल्याकडे ‘क’ झाला, ग्रीकांकडे ‘प’. मधे उभी लॅटिन ‘येकुर’. ग्रीकांनी शब्द आपल्याकडून उसना नेला, असं अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांनी षष्ठी पाहावी: यक्नः, येकिनोरिस, हेपातोस. प्रथमेतला ‘र’ संस्कृतात आणि ग्रीकमध्ये पार गायब, लॅटिनमध्ये त्याआधी ‘न’ घुसलेला. असली खोड उसनी मिळत नाही, ती घराण्यातूनच येते.

नाव पडलं बाल्टिमोरला. जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवेलच्या हाताखाली जे मॅक्लीन हा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. 1916 साली कुत्र्याच्या यकृताच्या अर्कात त्याला उलटंच सापडलं. 1918 मध्ये हॉवेल आणि होल्ट यांनी ‘हेपरिन’ नाव दिलं. पुढे मॅक्लीन श्रेयासाठी भांडला. माझं मत हॉवेलच्या बाजूने. मॅक्लीनचा पदार्थ स्निग्ध, चरबीत विरघळणारा. हॉवेलने नंतर वेगळा केलेला पाण्यात विरघळणारा, आणि आजचं औषध त्याच वंशातलं.

1937 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हेपरिनचं खरं माहेर दाखवलं: मास्ट पेशी. 1878 मध्ये शास्त्रज्ञ एर्लिखला त्या खाऊन माजलेल्या वाटल्या, म्हणून जर्मनमधल्या चारून पुष्ट करण्याच्या शब्दावरून त्यांचं नाव पडलं. कुत्र्याच्या यकृतात या पेशी भरपूर, म्हणून सारी फसगत. तीव्र ॲलर्जीचा झटका आला, की कुत्र्याच्या यकृतातल्या याच पेशी हेपरिन ओततात आणि रक्त गोठेनासं होतं. निरोगी रक्तात मात्र ते जवळजवळ सापडतच नाही.

मग नाव चुकलं? मला नाही वाटत. संशोधक ब्रिंकहाउसने 1939 मध्ये दाखवलं, की हेपरिनला रक्तातला जोडीदार लागतो. तो अँटिथ्रॉम्बिन, आणि तो घडतो मुख्यतः यकृतात. सिऱ्हॉसिस या यकृताच्या आजारात तो कमी पडतो. नेफ्रॉटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या विकारात लघवीवाटे वाहून जातो. जोडीदारच तुटपुंजा असला, तर हेपरिनचा नेहमीचा डोस लागू पडत नाही.

बाटलीतलं हेपरिन मात्र आज बहुतेक डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात.