पितळखोऱ्याची वाट

दिवाळीपूर्वीची साफसफाई निघाली की मी हळूच घराबाहेर पडतो. हा माझा जुना दुर्गुण आहे आणि घरात तो सर्वांना ठाऊक आहे. गेल्या आश्विनात असाच निघालो तो थेट कन्नडच्या पुढे, गौताळ्याच्या रानात. बरोबर सातवीत शिकणारा पुतण्या होता. सौभाग्यवतींनी दशम्यांचा डबा दिला खरा, पण तो ज्या रीतीने हातात ठेवला त्यावरून माळ्यावरची भांडी माझी वाट पाहणार हे उघड होते.

खरे सांगायचे तर साफसफाई हे निमित्त होते. ज्या खेड्यातील शाळेत मी पहिली दहा वर्षे फळ्यापुढे काढली, ती शाळा पटाअभावी बंद होणार असे त्याच आठवड्यात कानावर आले होते. मन थाऱ्यावर नव्हते. माणूस म्हणून दृष्टीस पडू नये अशा ठिकाणी एक दिवस घालवावा, एवढीच इच्छा होती.

ती इच्छा पुरी व्हायला गौताळ्यासारखी जागा नाही. आमच्या शहराला लोक औरंगाबाद म्हणत. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. तेथून साठेक किलोमीटरांवर कन्नड आणि कन्नडच्या पलीकडे सातमाळ्याच्या डोंगरावर हे रान. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, काही आमच्या जिल्ह्यात तर काही जळगावच्या. खानदेशातून वर येणाऱ्या घाटाला औट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव चिकटले आहे. त्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली होती. पण पठारावर आलात की चढउतार फारसा नाही. साग, धावडा, पळस, अंजन ह्यांच्यामधून पायवाट जाते. पावसाळा नुकताच सरलेला, गवत कमरेएवढे, मधूनच मोराची हाक. आमच्यासारख्या खुर्चीवर बसून कादंबऱ्या लिहिणाऱ्यालाही दम लागू नये अशी ही वाट. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत ह्या रानात येऊन पोहोचला होता. त्यालाही ही जागा निवांत वाटली असावी.

पुतण्याने विचारले, "काका, इथे कधीच कोणी राहत नव्हते का?"

"नाही रे," मी म्हणालो, "जंगल आहे हे."

वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाने इतके चुकीचे उत्तर द्यावे ह्याची मला पुढे तासाभरातच लाज वाटली.

पठार एकाएकी तुटते आणि खाली खोल दरी दिसते. ते पितळखोरे. पायऱ्या उतरून ओढा ओलांडला की समोर कड्यात कोरलेली लेणी. अजिंठा-वेरूळला जाणारी गर्दी इकडे फिरकत नाही. त्या दिवशी आम्ही दोघे, वरून पडणारी पाण्याची बारीक धार आणि कड्यावरची कबुतरे, एवढेच तेथे होतो. येथील खडक कच्चा. लेण्यांचे दर्शनी भाग केव्हाच कोसळले आहेत. तरी जोत्यावर हत्तींची रांग उभी आहे, आणि ज्यांनी ती कोरली त्यांना आता दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली. लेण्यांचा आरंभ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला मानतात.

चैत्यगृहाच्या खांबांवर लेख आहेत. पुतण्याला मी ते बोटाने दाखविले, आणि वाचून दाखविण्याऐवजी गोष्ट म्हणून सांगितले, कारण ब्राह्मी लिपी मलाही वाचता येत नाही. एक खांब पैठणच्या मितदेवाने दिला. हा गंधिकाच्या कुळातला, म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणाऱ्यांच्या घरचा. दुसरा पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिला. शेजारच्या विहारात राजवैद्य मगिल ह्याच्या घरची दाने आहेत. त्यात त्याच्या दता नावाच्या मुलीचेही एक दान आहे. दिवाळीच्या पहाटे उटणे लावताना मला तो गंधिक हटकून आठवतो. पैठणच्या पेठेत कचोऱ्याची पूड कुटणारा कोणी तरी इतक्या दूर रानात येऊन दगडाचा खांब देतो, हे कसे?

तर ते रान नव्हतेच. निदान आज आहे तसे नव्हते. पैठण ही सातवाहनांची राजधानी. तेथला माल नर्मदेकडे आणि भडोचच्या बंदराकडे जायचा तर सातमाळा ओलांडणे भाग. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये हा हिशेब आहे: भडोचपासून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांत घालून, जेथे धड रस्ते नाहीत अशा मुलखातून, बंदरावर नेत. त्या बैलांच्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या, रात्रीच्या चुली, ह्या सगळ्यांच्या कानाच्या टप्प्यात हे भिक्षू राहत. शांतता हवी, पण भिक्षेपुरती वस्ती आणि दात्यांची वाटही हवी; दोन्ही साधणारी जागा त्यांनी नेमकी हेरली होती.

सगळ्यांत मला आवडतो तो मात्र येथे नाही. ह्या लेण्यांतील ढिगारा उपसण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या मधुसूदन नरहर देशपांडे ह्यांनी केले, आणि १९५९ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्या ढिगाऱ्यात एक बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर पसरट भांडे धरून खदखदा हसणारा यक्ष सापडला. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलेले आहे की, कन्हदास हिरणकाराने हा केला. हिरणकार म्हणजे सोनार. त्या काळच्या शिल्पांवर करणाऱ्याचे नाव फार क्वचित मिळते. सोनाराने दगडाला हात का घातला असेल? माझा आपला तर्क असा की, बारीक कामाची सवय असलेल्या हाताला दगडही नाही म्हणत नाही. यक्षाच्या अंगावरचे दागिने पाहिले की तो तर्क पटतो.

पाचव्या-सहाव्या शतकात ह्या लेण्यांत पुन्हा वर्दळ झाली, भिंतींवर चित्रे निघाली, आणि मग हळूहळू सारे निवले.

दशम्या ओढ्याकाठी खाल्ल्या. मग गाडीने घाट उतरून, वळसा घालून, डोंगराच्या पायथ्याच्या पाटण्याला गेलो. तेथेही तेच रान, चंडिकादेवीचे जुने देऊळ, भोवती दाट झाडी. एके काळी येथे भरलेली पेठ होती. आणि शाळा होती!

‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, आणि त्याचा मुलगा चांगदेव. (ज्ञानेश्वरांना भेटायला वाघावर बसून आलेले चांगदेव ते वेगळे; वर्गात हा घोटाळा दरवर्षी होतो.) हा चांगदेव यादव राजा सिंघण ह्याचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटण्याला मठ काढला, आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे सुमारे १२०६ साली, निकुंभ घराण्यातील सोइदेव राजाने त्याला दान दिले. हे सांगणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात उजेडात आणला. लेख बहुतेक संस्कृतात. पण शेवटी, जेथे पैशाचा व्यवहार येतो तेथे, तो मुकाट्याने मराठीवर उतरतो. ह्या पाटणात जो माल विकला जाईल त्यातला वाटा मठाला; आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल.

ही पळी वाचून मला भरून आले. मास्तर कितीही मोठा असो, शाळा चालते ती अशी गावातल्या पळीपळी तेलावर. ते कोणत्या कामी लागे हे लेखात नाही. मला मात्र दिव्याखाली उताणी पाटी घेऊन बसलेली पोरेच दिसली.

"एवढ्या रानात गणित?" पुतण्या म्हणाला. त्याला गणित येत नाही, त्यामुळे त्याच्या स्वरात कींव होती.

"तेव्हा रान नव्हते," ह्या खेपेला मी उत्तर नीट दिले. "माणसे होती, घाणे होते. पेठ उठली, घाणे थांबले, मग झाडे आली."

तो थोडा वेळ गप्प चालला. पायाखाली सागाची पाने वाजत होती. मग म्हणाला, "आणि त्या मुलांची नावे? सोनाराचे नाव आहे, वैद्याच्या मुलीचे आहे. त्यांची कुठे लिहिली आहेत?"

"कुठेच नाहीत."

घरी परतलो तेव्हा भांडी माळ्यावरून खाली आली होती आणि चिंचेसह माझी वाट पाहत होती. ती मी निमूटपणे घासली. पण वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्या खेड्यातल्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक माझाच जुना विद्यार्थी. त्याच्याकडून जनरल रजिस्टर मागून घेतले, व्हरांड्यात बसलो आणि शंभरपानी वहीत मुलांची नावे उतरवू लागलो. संध्याकाळी त्याने दिवा लावून दिला. माझ्या वेळच्या वर्गापर्यंत येता येता वहीची साठ पाने भरली होती.