विजेची गाडी, दुसऱ्यांदा

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांची चूल मोटारींच्या धंद्यावर पेटते. कोणी बॅटरीवर काम करतो, कोणी ब्रेकवर. त्यामुळे विजेच्या गाडीचा विषय निघाला की जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात. एक म्हणतो, हवा स्वच्छ होईल. दुसरा विचारतो, काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींचं काय? या वादाला इतिहास आहे आणि तो आपल्या दारातलाच आहे.

१९०७ साली डेट्रॉइटमधल्या अँडरसन कॅरेज या घोडागाड्या बनवणाऱ्या कंपनीने ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ मोटार बाजारात आणली. एका चार्जमध्ये सुमारे ८० मैल, अशी तिची जाहिरात होती. आवाज नाही, धूर नाही, हँडल फिरवण्याची कसरत नाही. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा हीच गाडी चालवत. पुढे १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला, पेट्रोलची गाडी बटणावर सुरू होऊ लागली, फोर्डची मॉडेल टी स्वस्त होत गेली आणि विजेची गाडी मागे पडली. १९३९ पर्यंत तिने कशीबशी तग धरली.

त्याच १९०७ साली, ७ मे रोजी, मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. डेट्रॉइटमध्ये ती आधीपासूनच होती. म्हणजे वीज दोन वाटांनी रस्त्यावर आली होती: एकट्याची गाडी आणि सर्वांची गाडी. डेट्रॉइटची शेवटची ट्राम ८ एप्रिल १९५६ रोजी वुडवर्डवर धावली. तिचे चांगले डबे मेक्सिको सिटीने विकत घेतले. मुंबईची ट्रामही ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला जाऊन थांबली. पण मुंबईकडे १९२५ पासून विजेची लोकल होती आणि १९२६ पासून बस. डेट्रॉइटकडे उरली मुख्यतः बस, आणि जो तो मोटार घेऊ लागला.

आपलं ट्रॉय शहर म्हणून नोंदलं गेलं १९५५ साली, म्हणजे ट्राम बंद होण्याच्या आदल्या वर्षी. त्यामुळे त्याची घडणच मोटारीच्या मापाने झाली. मैला-मैलावर मोठे रस्ते, घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे. बिग बीव्हर पायी ओलांडणं इतकं अवघड, की सॉमरसेटच्या दोन इमारती जोडायला रस्त्यावरून बंदिस्त पूल बांधावा लागला.

आता पहिल्या वादाकडे वळू. बॅटरी बनवताना कार्बन जास्त बाहेर पडतो, हे खरं. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या खाणकामगारांचे हाल होतात, हेही खरं. कोबाल्ट नसलेल्या बॅटऱ्याही आता निघाल्या आहेत. मिशिगनची वीज अजून काही प्रमाणात कोळशावर आणि गॅसवर बनते, तरीही पूर्ण आयुष्याचा हिशेब केला तर विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी कार्बन सोडते. मात्र डेट्रॉइटच्या कारखान्यातून बाहेर पडणारी विजेची हमर ९,००० पौंडांहून जड आहे. टायर झिजतात, त्यांची धूळ उडते, रस्ता तेवढाच लागतो. मोटारीत पेट्रोल असो वा वीज, बिग बीव्हर फूटभरही अरुंद होत नाही.

हा दुसरा प्रश्न ट्रॉयने एकदा मतदानाला टाकला होता. मेपल आणि कूलिजजवळ रेल्वे-बस स्थानक बांधायला केंद्राने सुमारे ८४ लाख डॉलर देऊ केले होते. डिसेंबर २०११ मध्ये नगर परिषदेने ४ विरुद्ध ३ मतांनी ते नाकारले. पुढच्याच महिन्यात आराखडा लहान करून मंजूर झाला. मग जागेची कज्जेदलाली लागली, आणि स्थानक उघडलं ऑक्टोबर २०१४ मध्ये. शिकागोला जाणारी गाडी आज तिथे थांबते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओकलंड काउंटीने संपूर्ण काउंटीसाठी बसचा कर मंजूर केला. त्याआधी रॉचेस्टर हिल्स, नोव्हाय यांसारखी गावं त्यातून बाहेर राहू शकत होती.

हा प्रश्न आपल्याला किती जवळचा आहे, पाहा. आपल्यापैकी अनेकजण तरुणपणी इथे आले आणि आल्या आल्या गाडी चालवायला शिकले. आता काहींच्या किल्ल्या मुलांनी काळजीपोटी काढून घेतल्या आहेत. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आई तिथे एकटी रिक्षाने मंडईत जाते, पण इथे खिडकीशी बसून सुनेची वाट पाहते. दारात टेस्ला उभी असली, तरी तिला तिचा उपयोग नाही.

म्हणून माझं सांगणं दोन्ही पिढ्यांना आहे. पुढची गाडी घ्याल ती विजेची घ्या, पण हलकी घ्या. बसच्या कराची मुदत दहा वर्षांची आहे. तो पुन्हा मताला येईल तेव्हा मत द्यायला विसरू नका. नगर परिषदेत फुटपाथ, थांबा, चौकातलं क्रॉसिंग यांचा विषय निघेल तेव्हा आपली माणसं तिथे बसलेली दिसू देत. ट्रॉयचं स्थानक एका मताने अडलं होतं, आणि अशाच एका मताने मोकळं झालं.