दिनविशेष : ११ जुलै

मुंबईच्या उपनगरांच्या इतिहासात ११ जुलै ही तारीख दोनदा शोकाची ठरली. नऊ वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांपैकी एक पूर्व उपनगरातील, तर दुसरी प्रामुख्याने पश्चिम उपनगरांतील आहे.

१९७९ : 'स्कायलॅब' ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळली. तिचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

१९८७ : जगाची लोकसंख्या पाच अब्ज झाल्याचे मानले गेले. त्यावरूनच पुढे हा दिवस जागतिक लोकसंख्या दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

१९९७ : घाटकोपर (पूर्व) येथील रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी उघडकीस आले. निषेधासाठी रहिवासी रस्त्यावर उतरले असता राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. या घटनेने व्यथित झालेले शाहीर विलास घोगरे यांनी १५ जुलै रोजी मुलुंड येथील घरी जीवनयात्रा संपवली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेप सुनावली. नंतर उच्च न्यायालयाने त्यांना जामीन मंजूर केला.

२००६ : मंगळवारी सायंकाळी ६.२४ ते ६.३५ या अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. घरी परतणाऱ्या नोकरदारांनी भरलेले पहिल्या वर्गाचे डबे लक्ष्य ठरले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली व मीरा रोड या स्थानकांत वा त्यांच्या परिसरात झालेल्या या स्फोटांत १८० हून अधिक प्रवाशांचा बळी गेला, तर ८०० हून अधिक जखमी झाले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत स्थगिती दिली. मात्र सुटका झालेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले नाही.

घाटकोपरमध्ये गोळी कोणी चालवली, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही शिक्षेपर्यंत पोहोचण्यास १२ वर्षे लागली. लोकलमध्ये बॉम्ब कोणी ठेवले, या प्रश्नाचे मिळालेले उत्तर १९ वर्षांनी न्यायालयात टिकले नाही. दोन्ही घटनांतील मृतांच्या आप्तांसाठी ११ जुलै हा म्हणूनच केवळ स्मरणाचा नव्हे, तर न्यायाच्या प्रतीक्षेचाही दिवस आहे.