मुठीची भिशी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण होत आहेत. या अंकासाठी दिंडीचा इतिहास लिहून द्यावा असं मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी आधी दिंडीच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या मागवून घेतल्या. लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या त्या वह्यांत पुष्कळ काही आहे. वीणा कोणाच्या गळ्यात होती, मृदंगाला कोण होतं, कुठल्या मुक्कामी कोणाचं कीर्तन झालं, बैलगाडीचं भाडं किती, रॉकेल किती लागलं, सगळं टिपलेलं आहे. एकच गोष्ट सापडत नाही. आळंदी ते पंढरी, प्रत्येक मुक्कामाला चूल कोणी पेटवली?

त्या पेटवणाऱ्यांतली एक माझी आजी होती. तिच्याविषयी लिहितो आहे ते केवळ नातू म्हणून नव्हे. तिला वगळलं तर दिंडीचा इतिहासच अर्धा राहतो, म्हणून.

आमचं गाव माण तालुक्यातलं, पाऊस रुसलेल्या मुलखातलं. आजी लग्न होऊन आली ती पन्नासच्या आसपास. तिच्या आधी काही वर्षं, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि विठोबाचं मंदिर दलितांना खुलं झालं. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्या माणसांना तोवर आत जाता येत नव्हतं. पण मंदिराचं दार उघडलं तरी दिंडीची पंगत लगेच उघडली नाही. आपल्याही दिंडीत टाळ सगळे मिळून वाजवायचे आणि जेवायला मात्र काही माणसं बाभळीखाली वेगळी बसायची. हे लिहिताना संकोच वाटतो, पण इतिहास म्हटलं की हेही लिहायला हवं.

आजी वाढायला असायची. एका मुक्कामी ती भाकरीची पाटी घेऊन त्या बाभळीखाली गेली, वाढून झालं आणि तिथंच स्वतःचं पान मांडून बसली. कोणीतरी मोठ्यानं हटकलं. ती म्हणाली, "चंद्रभागेत पानी येगळं येगळं हाय का? मग हितं का?" भांडली नाही, भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसली. तिच्या मागोमाग आणखी दोघी-तिघी गेल्या. दोन-तीन वाऱ्यांत बाभळीखालची पंगत आणि तंबूतली पंगत एक झाली. वहीत याची नोंद नाही. त्या वर्षांच्या पानांवर फक्त डाळ-मिठाचा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट १९७२ च्या दुष्काळाची. आपल्या भागात ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. विहिरी कोरड्या, जनावरं छावणीला नाहीतर बाजाराला, आणि माणसं दुष्काळी कामावर. आजी खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. ती भाकरी पोराबाळांच्या घशाखाली उतरायची नाही, पण तीच होती.

१९७३ ची आषाढी जवळ आली तेव्हा दिंडी चालवायची कशी हा प्रश्न पडला. भिशीला ना कोणाकडे पैसा, ना धान्य. देवळात बैठक बसली. यंदा वीणा आणि पताका घेऊन पाच जणांनी जावं, नेम मोडू नये म्हणून, असं ठरत आलं होतं. बायका ओसरीखाली बसल्या होत्या. आजी उठून म्हणाली, "आवं बुवा, पाच जनं गेल्याव दिंडी कशी म्हनायची? तुमी वीणा उचला, चुलीचं आमी बगतो."

आणि बायकांनी ते बघितलं. रोज पीठ मळायच्या आधी मूठभर बाजूला काढायचं, असं दारोदार जाऊन आजीनं सांगितलं. ज्वारी असेल तर ज्वारी, मिलो असेल तर मिलो. ज्या घरी खरंच काही नव्हतं तिथं ती म्हणायची, "तुजी मूठ मी घालते, तू शेणी दे." म्हणजे त्या घराचाही वाटा राहिला आणि मानही. निघायच्या दिवशी पोती भरली. दिंडी पुरी गेली. त्या वर्षीच्या वहीत एक ओळ आहे: 'धान्य, गावातून जमा.' नाव कोणाचंच नाही.

वाटेवर तिचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, मग डोक्यावर तुळस घेऊन चालायचं. मुक्कामाला पोचल्यावर पुरुष मंडळी समाजआरतीला जायची, तेव्हा ही पुन्हा चुलीपाशी. रात्री कोणाच्या पायाला फोड आले असतील तर कोमट तेल घेऊन बसायची. पाय दाबून घ्यायला संकोचणाऱ्या म्हाताऱ्यांना म्हणायची, "माऊलीच हायसा तुमी, मग लाजता कुनाला?" पालखी फलटणला आली की गावाकडून भाकरीची गाठोडी यायची, त्यातली निम्मी ती शेजारच्या दिंडीला द्यायची. गावातही तसंच. बाळंतीण असो की मयत, पहिली हाक तिला.

मुठीची भिशी त्यानंतर थांबली नाही. २०२० आणि २०२१ साली पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि पायी वारी झाली नाही. आजी तेव्हा नव्हती. पण गावातल्या सुनांनी मूठ काढणं चालू ठेवलं आणि ते धान्य काम बंद पडलेल्या घरांत पोचवलं.

जनाबाईंचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण दळता-कांडता त्यांनी अभंग रचले आणि शेवटी आपली नाममुद्रा ठेवली. ज्यांनी नुसतंच दळलं, त्यांची नावं कोण ठेवणार? ते काम वहीचं आहे, आणि वही आपल्या हातात आहे.

समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात, ते ऐकून घेईपर्यंत. आजीनं जन्मभर स्वतःसाठी कधी टाळ वाजवत ठेवले नाहीत. तिच्या वतीनं मी आज ते थोडे वाजवतो आहे. प्रत्येक घरानं आपल्या आजीचं, पणजीचं, चुलतीचं नाव दिंडीच्या कचेरीत लिहून द्यावं. शंभराव्या वर्षाची नवी वही त्या नावांनी उघडावी, एवढंच मागणं.