खणाखणाने वाढणारे घर : आष्टीसारख्या नगरपंचायतीत घरकुल कसे आखावे

घरकुल मंजूर झाले की वस्तीत आनंद होतो. पण काही महिन्यांनी त्याच वस्तीत जोत्यावर थांबलेली, स्लॅबविना उभी राहिलेली घरेही दिसतात. वर्धा जिल्ह्यातील वस्त्यांत काम करताना आम्हाला याचे एक कारण वारंवार दिसते. अनुदान लहान घरापुरते असते आणि कुटुंब मात्र पुढच्या पिढीची गरज धरून मोठे जोते घालते. मग सावकार किंवा बचत गटाचे कर्ज येते. लहान घर नीट पूर्ण करून तेच पुढे वाढवता आले, तर ही ओढाताण टळते. त्यासाठी आराखडा पहिल्याच दिवशी तसा हवा.

मॉड्युलर म्हणजे काय?

हा शब्द ऐकला की कारखान्यातून ट्रकवर आलेल्या खोल्या डोळ्यांसमोर येतात. तसेही काम होते. १ जानेवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने देशातील सहा शहरांत लाइटहाउस प्रकल्पांची पायाभरणी केली. त्यांपैकी इंदूरमध्ये तयार सँडविच पॅनेल वापरून १,०२४ घरे आखली गेली. पण हे तंत्र शेकडो घरे एकत्र बांधतानाच परवडते. आष्टीत घरे सुटी सुटी, ज्याच्या त्याच्या जागेवर होतात.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, खण. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. दोन खणांचे घर, पाच खणांचे घर असे आपले आजोबा सांगत. ठरलेले एक माप घ्यायचे आणि तेच जोडत जायचे. विटेलाही असे माप आहे. भारतीय मानकातील मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची असते. सांध्यासह ती २०० × १०० × १०० भरते. खोलीची मापे त्या पटीत ठेवली की विटांची तोडफोड आणि नासाडी कमी होते.

आष्टीचा प्रश्न वेगळा का?

१९४२च्या लढ्यासाठी ओळखली जाणारी आष्टी आज नगरपंचायत आहे. ग्रामपंचायत गेली की घरकुलाची योजनाही बदलते. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेऐवजी शहरी योजना लागू होते. तिच्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी सामाजिक न्याय विभागाची रमाई आवास योजना आहे. त्या घरकुलाचे मूळ माप २६९ चौरस फूट, म्हणजे सुमारे २५ चौरस मीटर. एका कुटुंबाला घरकुल एकदाच मिळते. म्हणून ते वाढवता येण्यासारखे असणे फार महत्त्वाचे.

आधी झालेले प्रयोग

पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यातला. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने कुंभाराच्या चाकावर घडवलेले शंकूच्या आकाराचे कवेलू एकात एक बसवून कमानदार छत तयार केले. त्यात लोखंड नाही, लाकूड नाही आणि गावातल्या कुंभाराला काम मिळते. मात्र वर मजला चढवायचा असेल तिथे हे छत उपयोगाचे नाही. घर आडवे वाढणार असेल तिथे ते योग्य.

नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात वसाहत आखली. एका लहान अंगणाभोवती सात घरे, भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपले घर वाढवता आले.

इंदूर महूमुळे आपल्या कार्यकर्त्यांच्या ओळखीचे आहे. तिथल्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी सर्वांत गरीब कुटुंबांना जोते, संडास-न्हाणी आणि नळ-गटाराची जोडणी दिली. बाकी घर लोकांनी ऐपतीप्रमाणे उभे केले. या कामाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला.

पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांत स्पार्क आणि महिला मिलन यांनी कुटुंबांना न हलवता, आहे त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांची घरे बांधून घेतली. पक्की घरे पाडली नाहीत. शेजार टिकला, रोजगार टिकला.

तीन खणांचा आराखडा

आतून ३ × ३ मीटरचा एक खण धरू. तीन खणांचे २७ चौरस मीटर आणि संडास-न्हाणीचे ३, असे ३० चौरस मीटर होतात. अडीच-तीन लाखांत हे सगळे बसत नसेल, तर पहिल्या टप्प्यात दोन खण आणि संडास-न्हाणी पूर्ण करावी. तिसऱ्या खणाची जागा मोकळी सोडावी. मात्र योजनेला लागणारे किमान क्षेत्रफळ या दोन खणांत भरते का, हे अभियंत्याकडून आधी विचारून घ्यावे. नाहीतर हप्ता अडकतो.

पुढचे चार निर्णय मात्र सुरुवातीलाच घ्यावेत.

१. पाया : काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. अशा जागी तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे पाइल सुचवले जातात. वर मजला हवा असेल तर पाया आजच तेवढा भक्कम करावा.

२. जिना : बाहेरून असावा. म्हणजे मुलाचा संसार वर स्वतंत्र राहील. पुढच्या बांधकामासाठी सोडलेल्या सळ्या गंजू नयेत म्हणून कच्च्या काँक्रीटने झाकाव्यात.

३. छत : रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत जमिनीवर ओतलेल्या लहान फळ्या आणि तुळया वर बसवतात. फळी दोन माणसे उचलतात, सेंट्रिंगचा खर्च वाचतो.

४. उष्णता : विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखाली म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे होरपळतात. छताला पांढरा चुना, समोरासमोर खिडक्या आणि पश्चिमेला सपरी, एवढ्यानेही फरक पडतो. कोराडी, खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांच्या राखेच्या विटा विदर्भात मिळतात. त्यामुळे शेतातली माती वाचते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

सगळ्यांत आधी जागेचा कागद. पट्टा नसेल तर कितीही चांगला आराखडा कागदावरच राहतो. शासकीय जागेवरील जुनी निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे राज्याचे धोरण आहे. त्यासाठी वस्तीची यादी, घरपट्टीच्या पावत्या आणि मोजणीचे अर्ज एकत्र तयार करावेत.

दुसरे, नगरपंचायतीकडे दोन-तीन नमुना आराखडे मागावेत. त्यांत आजचे घर आणि उद्याची वाढ दोन्ही दाखवलेली असावीत, म्हणजे वाढीव खण पुढे बेकायदा ठरणार नाही. तिसरे, दहा-बारा कुटुंबांनी एकच माप धरले तर विटा, सळई, दारे-खिडक्या एकत्र घेता येतात आणि मिस्त्रीशी भावही एकत्र ठरतो. चौथे, आराखडा ठरवताना घरातल्या बाईला विचारावे. चूल, पाणी आणि न्हाणी कुठे हवी हे तिच्याइतके कोणाला कळत नाही.

घरकुलाची यादी लागल्यावर आपण धावपळ करतो. यापुढे ती यादी लागण्याआधी वस्तीत एक बैठक घेऊन जागा मोजावी, खण ठरवावेत. वस्तीतले जे तरुण आयटीआय किंवा सिव्हिल डिप्लोमा शिकले आहेत, त्यांनी या कामात पुढे यावे.