वावेलचे भित्तिपट : राजाचा वारसा राज्याचा कसा झाला?

१/
पोलंडमधील क्राकोव शहरात विस्तुला नदीच्या काठी वावेल नावाची टेकडी आहे. तिच्यावर तटबंदी, कॅथेड्रल आणि राजवाडा उभा आहे. या वाड्यातील सर्वांत मोलाचा ठेवा गहाण पडला, लुटला गेला, काही ठिकाणी कापला गेला आणि शेवटी अटलांटिक महासागर ओलांडून गेला. तरीही प्रत्येक वेळी तो परतला. त्यामागे एका निपुत्रिक राजाचे मृत्युपत्र होते. हा धागा त्याविषयी.

२/
सतराव्या शतकाच्या आरंभी दरबार वॉर्साला हलला. त्यापूर्वी कित्येक शतके पोलंडची राजसत्ता वावेलवरच नांदत होती. १३२० पासून बहुतेक राजांचे राज्याभिषेक येथील कॅथेड्रलमध्ये झाले आणि बहुतेकांचे दफनही तेथेच झाले. राजधानी गेली, तरी राजे मुकुट घेण्यासाठी आणि अखेरच्या विश्रांतीसाठी याच टेकडीवर येत राहिले.

३/
१४९९ च्या आगीत जुना वाडा होरपळला. राजा झिग्मुंट पहिला (कारकीर्द १५०६ ते १५४८) याने इटालियन वास्तुकारांकरवी त्याची नव्याने उभारणी केली. मधल्या चौकात उभे राहिले की तीन मजली कमानींच्या ओवऱ्या दिसतात. सर्वांत वरच्या मजल्याचे खांब खालच्यांहून कितीतरी उंच आहेत, कारण दरबाराची मुख्य दालने वरच्या मजल्यावर होती. १५१८ मध्ये इटलीची राजकन्या बोना स्फोर्झा राणी होऊन आली आणि प्रबोधनकालीन अभिरुचीला दरबारात आणखी बळ मिळाले.

४/
वरच्या मजल्यावरील प्रतिनिधी-दालनात गेलेल्या पाहुण्याची नजर आपोआप छताकडे जाते. लाकडी चौकटींतून कोरलेली माणसांची मस्तके खाली पाहत असतात. सोळाव्या शतकात ती १९४ होती, आज ३० उरली आहेत. त्यांतील एका स्त्रीच्या तोंडावर पट्टी आहे. राजा निवाडा करत असताना या मस्तकाने त्याला न्यायाने वागण्यास बजावले, म्हणून पुन्हा बोलू नये यासाठी तिचे तोंड बांधले, अशी लोककथा सांगतात.

५/
दंतकथा बाजूला ठेवली, तरी दालनाचे नाव महत्त्वाचे आहे. 'सेम' या सभेचे प्रतिनिधी येथे जमत. १५०५ च्या कायद्याने सेमच्या संमतीवाचून नवा कायदा करण्याचा राजाचा अधिकार संपला होता. थोडक्यात, वाडा राजाचा असला, तरी राज्य एकट्या राजाचे नव्हते. पुढे येणारे मृत्युपत्र समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

६/
आता मुख्य ठेव्याकडे. झिग्मुंट आणि बोना यांचा पुत्र झिग्मुंट ऑगस्ट याने सोळाव्या शतकाच्या मध्यात ब्रसेल्सच्या विणकरांकडून प्रचंड भित्तिपट विणून घेतले. एकूण संख्या सुमारे १६० होती असे मानतात. आज १३० हून अधिक शिल्लक आहेत. लोकर, रेशीम आणि सोन्यारुप्याची जर यांचे हे काम आहे. काही पट जवळपास पाच मीटर उंच आहेत.

७/
ही चित्रे कापडावर रंगवलेली नाहीत आणि त्यांवर भरतकामही नाही. रंगीत आडवे धागे उभ्या धाग्यांवर हवे तेथेच फिरवून आकृती विणली जाते, म्हणजे कापड आणि चित्र एकाच वेळी तयार होतात. पैठणीच्या पदरावरचा मोर ज्यांनी नीट पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. फरक आकाराचा आहे. तिकडे पदर असतो, येथे दालनाची अख्खी भिंत.

८/
मोठ्या पटांवर बायबलमधील कथा आहेत : आदम आणि हव्वा, नोहाची नौका, बाबेलचा मनोरा. त्यांतील अनेकांचे आराखडे मिखिल कॉक्सी या फ्लेमिश चित्रकाराचे होते. दुसऱ्या गटात दाट अरण्ये आणि पशुपक्षी आहेत. खरे प्राणी आणि काल्पनिक प्राणी तेथे एकाच झाडीत वावरतात. तिसऱ्या गटात राजाच्या नावाची S आणि A ही रोमन आद्याक्षरे गुंफलेली दिसतात. हे पट कोणी विणवून घेतले, याची ही विणलेली मुद्राच होय.

९/
या राजाला अपत्य नव्हते. यागिएलो घराणे त्याच्याबरोबर संपणार, हे उघड होते. १५६९ मध्ये त्याने पोलंड आणि लिथुआनिया यांचे कायमचे संयुक्त राज्य घडवले. १५७१ मध्ये मृत्युपत्र केले. भित्तिपटांचा उपभोग आपल्या तीन बहिणींना मिळावा आणि त्यांच्या पश्चात ते संयुक्त राज्याच्या मालकीचे व्हावेत, अशी त्यात तरतूद होती. १५७२ मध्ये राजा मरण पावला.

१०/
ही तरतूद असामान्य होती. त्या काळच्या युरोपात अशा वस्तू घराण्याची खासगी संपत्ती म्हणून वारसांत वाटल्या जात. येथे मात्र त्या राज्याला मिळाल्या. अर्थात 'राज्य' या शब्दाचा अर्थ तेव्हा संकुचित होता. राजा निवडणारा आणि सेममध्ये बसणारा वर्ग उमरावांचा होता, शेतात राबणाऱ्या कुळाला त्यात स्थान नव्हते. तरीही 'हे राजाचे नव्हे' असे म्हणण्यासाठी एक लेखी आधार निर्माण झाला.

११/
हा आधार घरातच कसाला लागला. सतराव्या शतकात राजा यान काझिमिएश याने पैशांच्या निकडीपोटी भित्तिपट ग्दान्स्कच्या एका व्यापाऱ्याकडे गहाण टाकले. १६६८ मध्ये त्याने गादी सोडली, पण पट सुटले नाहीत. अखेर १७२४ मध्ये ते सोडवून घेण्यात आले. राजे बदलत गेले, पण ऋण फेडून वस्तू परत आणण्याची जबाबदारी राज्यावरच राहिली.

१२/
पुढे राज्यच उरले नाही. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत पोलंड गिळंकृत केला. भित्तिपट रशियाच्या हाती लागले आणि सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथे ते झारच्या प्रासादांत वापरले गेले. काही पट भिंतीच्या मापात बसावेत म्हणून कापले गेले. मालकच नकाशावरून पुसला गेल्यावर परत मागणार कोण?

१३/
वावेलच्या कोषागारावरही घाला आला. १७९५ मध्ये क्राकोव सोडण्यापूर्वी प्रशियन सैन्याने तेथील राजचिन्हे लुटून नेली. पुढे मुकुट वितळवून त्या सोन्याची नाणी पाडण्यात आली. म्हणूनच कोषागार पाहायला येणाऱ्याला जुन्या पोलिश राजांचे ते मुकुट दिसत नाहीत. त्या राजचिन्हांपैकी एक तलवार तेवढी वाचली.

१४/
तिचे नाव श्चेर्बिएत्स, म्हणजे खाच पडलेली. राजा बोलेस्लाव याने १०१८ मध्ये कीव्हच्या सुवर्णद्वारावर घाव घातला आणि तिला खाच पडली, अशी आख्यायिका आहे. इतिहास ती मान्य करत नाही, कारण ते द्वार १०१८ नंतर बांधले गेले आणि तलवार तर त्याहूनही उशिराची आहे. मात्र राज्याभिषेकाची तलवार म्हणून तिचा मान खरा आहे. १३२० पासून ती त्या विधीशी जोडलेली आहे.

१५/
लुटीनंतर ही तलवार अनेक हातांतून फिरली. १८८४ च्या सुमारास पॅरिसमधील एका संग्रहाबरोबर ती झारने विकत घेतली आणि ती सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात पोहोचली. इकडे वावेलचा वाडा ऑस्ट्रियन सैन्याची छावणी झाला होता. चौकातल्या देखण्या कमानी विटांनी बुजवल्या गेल्या. सैन्याने वाडा सोडला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि मग दीर्घ जीर्णोद्धार सुरू झाला.

१६/
टेकडीच्या चढावरील तटाच्या भिंतीत नावे कोरलेल्या शिळा बसवलेल्या आहेत. स्वतंत्र पोलंडमध्ये १९२१ पासून वाड्याच्या जीर्णोद्धारासाठी लोकवर्गणी सुरू झाली. 'एक वीट' म्हणून रक्कम देणाऱ्या व्यक्तींची आणि संस्थांची नावे त्या भिंतीवर उमटली. उमरावांच्या राज्याला मिळालेल्या वारशाचे धनी होण्यासाठी आता सामान्य नागरिक पुढे आले होते. घाईत चढणारे पर्यटक ही भिंत सहसा पाहत नाहीत.

१७/
त्याच १९२१ च्या मार्च महिन्यात रीगा येथे पोलंड आणि सोव्हिएत सत्ता यांच्यात तह झाला. १ जानेवारी १७७२ नंतर पोलंडमधून नेलेल्या सांस्कृतिक वस्तू परत कराव्यात, असे त्यात ठरले. तारीख विचारपूर्वक निवडलेली होती, कारण पहिली फाळणी १७७२ मधलीच. पुढील काही वर्षांत भित्तिपट वावेलवर आले आणि १९२८ मध्ये श्चेर्बिएत्सही आली.

१८/
हे सुख अल्पकाळचे ठरले. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने आक्रमण करताच वावेलच्या कर्मचाऱ्यांनी पट गुंडाळून पेट्यांत भरले आणि विस्तुलेतून मालवाहू पडावाने हलवले. पुढे जमिनीवरून रुमानिया, मग फ्रान्स, आणि फ्रान्स कोसळू लागताच इंग्लंड, असा प्रवास झाला. स्तानिस्लाव श्विएर्झ-झालेस्की आणि युझेफ पोल्कोव्स्की हे दोन रक्षक या ठेव्याबरोबर होते.

१९/
जुलै १९४० मध्ये 'बातोरी' या पोलिश जहाजाने पेट्या कॅनडाच्या किनाऱ्यावर पोहोचवल्या. या नावामागे एक विलक्षण योगायोग आहे. जहाज ज्याच्या नावाचे, तो राजा स्तेफान बातोरी हा झिग्मुंट ऑगस्टची बहीण आना हिचा पती. मृत्युपत्राने ज्या तिघींना पटांचा उपभोग दिला, त्यांतील ही एक. बातोरीचे दफनस्थान वावेलचे कॅथेड्रलच आहे.

२०/
इकडे वावेलच्या वाड्यात नाझी गव्हर्नर हान्स फ्रांक राहायला आला. लिओनार्दो दा विंचीचे 'लेडी विथ अ‍ॅन अर्मिन' हे क्राकोवच्या चार्तोरिस्की संग्रहातील चित्र जप्त होऊन काही काळ त्याच्या वाड्यात होते. भित्तिपट मात्र त्याच्या हाती लागले नाहीत. जानेवारी १९४५ मध्ये तो पळाला आणि १९४६ मध्ये न्युरेंबर्गच्या निकालानंतर फासावर गेला.

२१/
या युद्धाने वस्तूंइतकीच माणसेही देशोधडीला लावली. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. राज्याचा वारसा कॅनडात आणि राज्याची लेकरे पंचगंगेच्या खोऱ्यात, अशी ती वर्षे होती.

२२/
युद्ध संपले, तरी पेट्या परतल्या नाहीत. वॉर्सामध्ये साम्यवादी सरकार आले होते, तर लंडनमधील निर्वासित सरकार त्याला मानत नव्हते. त्याच्या समर्थकांनी पट क्वेबेक प्रांतात हलवले. प्रांताचे पंतप्रधान मॉरिस द्युप्लेसी यांनी ते साम्यवाद्यांना देण्यास ठाम नकार दिला. दोन्ही पक्षांचा दावा मात्र एकच होता : हा ठेवा पोलिश राष्ट्राचा आहे. वाद होता तो राष्ट्राच्या वतीने बोलणार कोण, याचा.

२३/
१९५९ च्या आरंभी ओटावातील बँकेत ठेवलेल्या पेट्या परतल्या. त्यांत श्चेर्बिएत्स होती. त्याच वर्षी द्युप्लेसी यांचे निधन झाले आणि १९६१ च्या आरंभी भित्तिपटही वावेलवर आले. वाड्यातील उस्मानी तंबूंचा संग्रह मात्र याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. या संग्रहाची कथा १६८३ च्या व्हिएन्नाच्या लढाईत राजा यान सोबिएस्कीने जिंकलेल्या लुटीशी जोडलेली आहे. एकाची हानी ती दुसऱ्याची विजयचिन्हे असतात, हे तेथे उभे राहिल्यावर जाणवते.

२४/
२०२१ मध्ये वावेलवर झिग्मुंट ऑगस्टच्या भित्तिपटांचा संपूर्ण संग्रह एकत्र मांडला गेला. प्रदर्शनाच्या नावात १९२१ आणि १९६१ ही पुनरागमनाची वर्षेही होती. एरवी काही पटच दालनांत दिसतात, कारण प्रकाशाने धागे विरतात. त्यांवरील S आणि A ही अक्षरे अजून वाचता येतात. नाव राजाचे आहे. मालकी मात्र त्याने १५७१ मध्येच सोडली होती, आणि त्यामुळेच पुढच्या प्रत्येक पिढीला ते पट हक्काने परत मागता आले.